मिणचेकरचा एकट्याचा अल्बम

बँड मोडून सहा वर्षं झाली.
परवा उद्यमनगरात, माझ्या शटरखालून
एक पाकीट सरकवून गेला मिणचेकर.
हाक नाही, काही नाही.
आत सीडी. आता ती लावायची कशावर?
शेवटी पुतण्याच्या जुन्या मारुतीत बसलो,
काचा वर करून.

गिटार नाहीच.
पहिल्या गाण्यात गंगावेशीतली म्हैस,
चरवीत पडणारी धार, आणि हा पठ्ठ्या
त्या धारेच्या लयीत वीजबिल वाचतोय, खर्जात.
तिसऱ्यात चपलेची करकर, साडेचार मिनिटं.
करकर सुरात आहे. दोनदा तपासलं.
पाचव्यात नुसता खोकतो, मग म्हणतो, "पुन्हा घेऊया."
घेत नाही.

ज्याच्या एका आरोळीवर
अख्खं गॅदरिंग खुर्च्यांवर चढायचं
तो आता कुजबुजतो,
भिंतीपलीकडे कुणी आजारी असल्यासारखा.

चांगलं आहे का? मला नका विचारू,
मी ड्रम विकून लेथ घेतलेला माणूस.
पण आठव्या गाण्यात, मध्येच,
चार मात्रा मोकळ्या सोडल्यात लेकानं,
आणि वर थोडी जागा,
मी नेहमी जेवढा उशिरा यायचो
बरोबर तेवढी.

बोटं स्टिअरिंगवरच होती.
तरी उशीर झाला.