पाठ टेकल्यावर

रविवारी सकाळी साडेआठनंतर केव्हातरी
पिंजऱ्यातली शेवटची लढत संपते.
तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र,
इकडे महालात प्रमिलाबाईच्या तर्रीवर तेल चढलेलं.
मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून आम्ही चौघं बघतो,
आणि मग खरी लढत सुरू होते.

दागिस्तानचा मुराद आणि ब्राझीलचा एडसन,
दोघंही आपापल्या भरात असते तर?
एक रिटायर झाला तेव्हा दुसरा शाळेत होता,
आम्हाला ते आडवं येत नाही.

"मुराद पायात घुसन, उचलन, फेकन," नितेश निखारे.
"अन् फेकल्यावर?" आरिफ ऑटोवाला चमचा रोखतो.
"खाली तं एडसनचं घर हाय ना बे.
कोणाले त्याच्याच घरात नेऊन हरवतं का तू?"

वजन किती धरायचं, राऊंड किती,
पिंजरा की माती, कोपर चालेल की नाही.
प्रमिलाबाई शेव टाकता टाकता म्हणते,
"मे महिन्यात लावा, भर दुपारी, कस्तुरचंद पार्कात.
छेचाळीस डिग्रीत दोघंही हात जोडतीन."

घनश्याम धकाते तोवर गप्प असतो.
मग रुमालानं तोंड पुसून
लहानू वस्तादाला उतरवतो.
लहानूचा फोटो नाही, व्हिडिओ नाही,
म्हणून तो कधी हरत नाही.
कॉटन मार्केटात त्यानं शिंग धरून बैल बसवला होता;
मागच्या दिवाळीपर्यंत एकच बैल होता,
आता जोडी झाली आहे.

"त्याले हात लावलेला एक माणूस जिता हाय,"
आरिफ म्हणाला. "चाला. इचारू."

विठोबा हेडाऊ होळीपासून पडून आहेत,
खुबा मोडलाय.
माग विकला, मागाचा खड्डा फळीनं झाकलेला,
त्यावरच पलंग.
कान करंजीच्या कडेसारखे मुडपलेले.
आम्ही पोहे नेले, तर्री वेगळ्या पन्नीत,
आणि त्यांच्या छातीवर मोबाईल धरला.

एडसन पाठीवर. वरचा त्याच्यावर वाकलेला, भारी,
जिंकल्यासारखा.
मग खालचे पाय हळूहळू सरकत जातात,
मान सापडते,
आणि वरच्याचा हात गादीवर आपटतो,
दोनदा.

"कोण जितला?"
"खालचा."
"पाठ टेकली होती ना त्याची."
"तिकडे चालते, आजोबा. पाठ टेकली म्हणून संपत नाही."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.
तिसऱ्या वेळी मोबाईल स्वतःच धरला, डोळ्यांजवळ.
पन्नीतली तर्री गार होऊन गोठत गेली.

"लहानूनं याले पाडला असता ना पण?"
घनश्यामला राहवेना.

विठोबा पंख्याकडे बघत होते.
"कामठीची दंगल. पासष्ट साल.
लहानूनं मले ढाक मारली. पाठ लागली.
डफडं थांबलं.
उठलो, त्याच्या पाया पडलो,
घरी येऊन लंगोट खुंटीले टांगला, तो टांगलाच."

मग बराच वेळ काही नाही.
गल्लीत कुणीतरी बोअरचा दांडा हापसत होतं.

"खाली होतो तवा
त्याची मान माह्या काखेत होती.
धरून होतो ना मी.
डफडं थांबलं म्हणून सोडली."

नितेशनं मोबाईल खिशात घातला.
कुणी जिंकल्याचं कुणी काही बोललं नाही.

"इकडे ये," ते मला म्हणाले. "वाक."
मी वाकलो.
महानारायण तेलाचा वास, घामाचा,
चौऱ्यांशी वर्षांचा कोरडा दंड माझ्या मानेभोवती,
वाटलं, सहज निघेल डोकं.
नाही निघालं.
मी पलंगाच्या लाकडावर हात आपटला,
दोनदा.

त्यांनी सोडलं नाही.