उजव्या दाराची काच

बाणेरच्या शोरूममध्ये आठ गाड्या
आणि त्या पुसायला दोघं.
गेल्या तिमाहीत एक गेली,
तीही मालकांच्या साडूला.

वरून सांगावा आला : दिवे बदला,
कॉफीचं मशीन आणा,
शनिवारी व्हायोलिनवाली मुलगी बसवा.
बसवली. लोक तिचं कौतुक करून गेले.

मी जुनी रजिस्टरं काढली.
लांडगे, फाउंड्री, भोसरी.
उजव्या दाराची काच अडकते.
तक्रार अकरा वेळा.
शेरा : पार्ट मागवला आहे.
अकराही वेळा एकच अक्षर. माझं.

शौकतभाईंना मागे बसवून स्कूटरवर गेले,
डिकीत दोनशे रुपयांचं रबर.
अंगणात गाडी,
बॉनेटवर धोतराच्या पानावर वाळत घातलेल्या कुरडया.
लांडगे काही बोलले नाहीत,
एकेक कुरडई उचलून ताटात ठेवत राहिले.

काच वर गेली. खाली आली.
त्यांनी पुन्हा वर केली, पुन्हा खाली,
उधारी मोजून घ्यावी तशी.

"नवी घेणार नाही हं."
"बरं," म्हटलं.

निघताना म्हणाले, "नंबर द्या.
ऑफिसचा नको, तुमचा."
लिहून दिला, त्याच अक्षरात.
शौकतभाई बॉनेटवरचा चिकाचा डाग
पुसत होते अजून.