समुद्रात गेलेलं घर

टॅबलेट म्हणतो, दवाखाना इथून दोनशे दहा मीटर.
एदुविगिसबाई हसतात :
"पाखराला की मला?"

वाल्परायसोच्या या टेकडीवर
अंतर पायऱ्यांत सांगतात.
खाली जाताना एकशे चौऱ्याण्णव.
वर येताना, बाई म्हणतात, तीनशे,
आणि हातात गॅसची टाकी असली
तर मोजायचंच नाही.

आम्ही चालतो. माझ्या खिशातलं जीपीएस
मागे निळी रेघ सोडत येतं,
गोगलगाईसारखं.
बाई थांबल्या की रेघेला गाठ पडते.
त्या गाठींना मी नंतर नावं देणार :
विसावा, धास्ती, शेजार.

पहिली गाठ नोल्बेर्तोच्या दुकानापाशी.
उधारी देतो, पण वहीत नाही, भिंतीवर लिहितो,
सगळ्यांना दिसेल असं.
दुसरी, जळालेल्या घराच्या जोत्यापाशी.
नकाशात त्यावर अजून छप्पर आहे.
उपग्रहाला आगीची खबर कुणी दिली नसावी.

तिसऱ्या गाठीला बाई बोलल्या नाहीत.
भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या.
रेकॉर्डरमध्ये तिथं चार मिनिटं
वारा आहे, एक पिवळं कुत्रं,
आणि खाली बंदरात
क्रेनची कुरकुर.

संध्याकाळी चहा, मार्राकेता पाव.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
"हा ठिपका काढ." तिसरा.
"रात्री तिथं माझा येर्को झोपतो."
मी म्हटलं, नाव कुणाचंच येणार नाही,
आणि प्रत्येक ठिकाण आम्ही जरा सरकवतो,
ओळखू येऊ नये म्हणून.
"काढ."
काढला.

"आणि बाकीचे? कुठं सरकवतेस?"
मी बटण दाबलं.
त्यांचं घर, पत्र्याचं, हिरव्या दाराचं,
टेकडीवरून उठलं
आणि धक्क्याच्या पलीकडे
समुद्रात जाऊन पडलं.

चष्मा कपाळावर चढवून
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"चाळीस वर्षं खांद्यावरून पाणी वर आणलं,
आता घरच पाण्यात गेलं!"
मग पावाचा तुकडा चहात बुडवून :
"असू दे. तिथं पायऱ्या नाहीत."

सर म्हणतील, ही त्रुटी आहे, अंतर कमी कर.
करीन. पण एक प्रत तशीच ठेवलीय.

उतरताना अंधारात मी पायऱ्या मोजल्या.
एकशे शहाण्णव.
वरच्या दोन कुणाच्या,
विचारायला परत यावं लागेल.