मागची बाजू

मे महिन्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
दुपारी दोनला पत्र्याला हात लावू नये.
अनसूया इरबत्तीबाईंनी गाडी नेमकी उन्हात लावलेली.
लिलावात घेतलेली जुनी ॲम्ब्युलन्स.
आत पलंग, शेगडी,
आणि फ्रीज, त्यावर चादर:
मोरांची, जाड, घरच्या मागावरची.
"त्याला झळ लागू नये म्हणून," म्हणाल्या.

चादर काढली. मागे हात घातला
आणि झटक्यात बाहेर घेतला.

बाई, फ्रीज थंडी करत नाही.
तो फक्त आतली धग उचलतो
आणि पाठीमागे नेऊन टाकतो.
पाठ तुम्ही भिंतीला चिकटवली, वरून पांघरूण घातलं.
त्यानं टाकायची कुठं?

आत चौदा अंश.
इन्सुलिनच्या दोन पेट्या, अर्धी कैरी,
आंबट झालेलं दही.

दाराच्या फटीत दहाची नोट धरली,
दार लावलं, नोट सुळकन निघाली.
रबर बदललं. फ्रीज चार बोटं पुढं ओढला.
खाली भोक, वर जाळी,
भंगारातल्या कॉम्प्युटरचे दोन पंखे.
वारा खालून वर गेला पाहिजे.
पहिल्यांदा मी उलटे बसवले होते,
कबूल करतो.

त्या लिंबाखाली बसलेल्या, डोक्यावर ओला टॉवेल.
एकतीस वर्षं सिव्हिलला, बहुतेक रात्रपाळी.
"आम्हीपण हेच करायचो, यल्लप्पा.
कपाळावर पट्टी, ताप उतरवायचा.
उतरलेला ताप जातो कुठं,
हे कधी मनात आलं नाही."
मी स्क्रू शोधत होतो. उत्तर दिलं नाही.

आता कुठं निघालात?
"करीमनगर. आजोबा तिकडून आले, चालत.
आमच्यातलं परत कुणी गेलंच नाही."

सात वाजता काटा पाचावर.
बाईंनी काटा बघितलाच नाही.
वरच्या जाळीसमोर तळहात धरून
उभ्या राहिल्या, बराच वेळ.
"केवढं होतं हो आत," एवढंच.

मग चादरीच्या घड्या मोडल्या,
मला एक टोक धरायला लावलं,
आणि गाडीच्या पश्चिमेच्या अंगाला, पत्र्यापासून वीतभर सोडून,
दोरीनं ताणून बांधली.
मोर बाहेरच्या बाजूला.

मजुरी देताना दहाची नोट
त्यांनी वेगळी काढून दिली.