परत फिरलेल्या दिवसांची वही

प्रत्येकाला तीन मिनिटं.
कौंटीच्या सभागृहात कॉफीचं भांडं खदखदतंय,
टेबलावर घंटा, हॉटेलच्या काउंटरवर असते तशी,
आणि भिंतीवर आमच्या ओढ्याचा नकाशा:
हॅकबेरी क्रीक, बारीक निळी शीर,
तिच्या डोक्याशी करडा चौकोन. दगडखाण.

डेल्बर्ट हाउक आधी उठला.
मार्चमध्ये त्याच्या गोठ्यात गुडघाभर पाणी,
भिजलेले गवताचे भारे आतून तापून काळे पडले.
बोट मात्र त्यानं खाणीकडे नाही,
लोर्ना टीगच्या पुलाकडे रोखलं:
खांब बुटके, ओंडके तिथंच अडतात.
लोर्ना म्हणाली, पूल माझ्या सासऱ्यानं बांधला,
तेव्हा तुझ्या वरच्या रानात झाडं होती, डेल्बर्ट.
रात्री-अपरात्री एकमेकांच्या गायी अडवायला गेलेली माणसं
आता एकमेकांना पाण्यात पाहतात,
आणि पाणी तर खरंच आहे मध्ये.

खाणीचा इंजिनिअर तरुण, बुटांना चिखल नाही.
गाळाचं तळं आराखड्याप्रमाणे, म्हणाला,
उपसा परवान्याच्या आत,
आणि हा पूर शंभर वर्षांतून एकदा येणारा.
मागून कुणीतरी: "मग शंभर वर्षं
चारदा झाली की, मी इथं राहायला आल्यापासून."
हशा झाला. तोही हसला जरासा. पोरगा वाईट नाही.

माझं नाव पुकारलं. वर्ना स्ट्राउड.
एकोणतीस वर्षं शाळेची पिवळी बस.
माझ्याकडे नकाशा नाही, वही आहे.
ज्या सकाळी ओढा रस्त्यावर आला
आणि मी बस परत फिरवली,
तो प्रत्येक दिवस तिच्यात आहे:
मोरी कुठली,
पाणी चाकाच्या कितव्या नटापर्यंत,
आत पोरं किती.

वाचलं.
खाण आल्यापासून नऊ वर्षांत चौदा वेळा.
त्याआधी वीस वर्षांत तीनदा.
पाण्याचा रंग पूर्वी चहासारखा,
नंतर चुना कालवल्यासारखा.
धाकटा टीग मागच्या बाकावरून ओरडला होता,
"वर्ना, ओढ्याचं दूध झालं!"
माना हलल्या. डेल्बर्टनं टोपी काढून मांडीवर ठेवली.
इथंच बसायला हवं होतं मी.

पण ते तीन दिवस
वीस वर्षांत विखुरलेले नाहीत.
तिन्ही शेवटच्या दोन वर्षांतले.
म्हणजे ऑर्व्हिलनं भावाचा बुलडोझर आणून
ओढ्याची वळणं सरळ केली त्यानंतरचे.
लाल खांद्यांचे काळे पक्षी बसायचे ती दलदल
आम्ही बुजवली. आठ एकर मका वाढला.
दुपारी मीच सँडविच घेऊन गेले होते,
चिखलात बूट अडकला, दोघं हसलो.
पाणी कुठं मुरतंय, सगळे विचारत होते.
ते जिथं मुरायचं, तिथं आमचा मका आहे.

घंटा वाजली होती. मी बोलून संपवलं.
आमच्या वकिलानं डोळे मिटले,
खाणीच्या वकिलानं पेनाचं टोपण काढलं.
लोर्ना टीग कॉफी ओतत राहिली, कप भरला तरी.

निकाल पुढच्या महिन्यात.
बाहेर पाऊस, गाड्यांखाली खडी करकरतेय,
आमच्याच टेकडीची, पांढरी.
माझ्या दारातही तीच आहे, दोन ट्रक,
शेजारी म्हणून थोडी स्वस्तात मिळालेली.

चौथ्या मोरीपाशी डेल्बर्टचे मागचे दिवे थांबलेले.
सभागृहातून निघताना
त्यानं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.
आता हातात फावडं घेऊन तो रस्त्याच्या मध्यात,
दांडा पाण्यात उभा धरून वाकलेला.
मी काच खाली केली.
"सहा इंच," तो ओरडला, "आणि चढतंय."
मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघताच:
"लिहून घे."