चोविसास एक

श्रीखंडाच्या अर्ध्या किलोच्या डब्यात ब्लीच.
झाकणावर मी मार्करने लिहिलंय: हात घालू नये.
घरात मी एकटीच, तरी लिहिलंय.
आत फियाटचे दोन बंपर, पुढची जाळी, चार व्हीलकप
आणि हेडलाइटच्या कडा, वाटाण्याएवढ्या,
चिमट्यात धरताना श्वास रोखावा लागतो.
दिवसभर वेंगुर्ल्याच्या कवळ्या घासते मी,
बोटांना सवय आहे.

पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही.
मग सुईच्या टोकाएवढे बुडबुडे,
मग कडेकडेने चकाकी उठते,
पंगतीतून पोट भरलेला माणूस उठावा तशी,
घाई न करता.

कुवेतहून इनासचा फोन. खोकं त्यानेच पाठवलेलं.
"अगो, क्रोम ह्याच तर मेन! ता कित्याक काढतंस?"
मी म्हटलं, पप्पांची टॅक्सी आठव.
"आठवता," म्हणाला. "म्हणानच तर."
मग बराच वेळ फक्त त्याच्याकडच्या एसीचा आवाज.

बंदरावर उंडीच्या झाडाखाली उभी असायची ती.
खाऱ्या वाऱ्याला ब्लीचसारखी घाई नसते,
तो चार वर्षं घेतो.
आधी पुटकुळ्या, मग पापुद्रे,
पुसताना बोट कापायचं.
नार्वेकरांकडून पाव लिटर चंदेरी रंग आणायचे पप्पा,
ट्रॉलरवाले इंजिनाला लावतात तोच,
आणि लग्नसराईच्या आधी ब्रशने बंपर रंगवायचे.
"व्हकलेक काय कळता?"
व्हकलेला कळायचं नाही. फोटोतसुद्धा नाही.
एकदा बांबोळीहून कुणाचं मयत आणलं त्याच गाडीतून,
पहाटे मागची सीट डेटॉलने धुतली,
आणि दहाला शिरोड्याचं लग्न.
हे त्यांनी फक्त मला सांगितलं,
बंपर रंगवताना, माझ्याकडे न बघता.

ब्लीचमधून काढलेली जाळी पिवळी दिसते.
मला ठाऊक नव्हतं, चकाकी प्लॅस्टिकला सरळ धरत नाही,
तिला खाली वार्निश लागतं.
ते ब्लीचला भीक घालत नाही.
दाजीच्या गॅरेजमधून ब्रेक ऑइल आणलं
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, रात्रभर बुडवलं.
सकाळी जुना टूथब्रश, नळाची बारीक धार,
खाली चहाची गाळणी,
नाहीतर व्हीलकप गेलाच मोरीतून खाडीत.

आणि मग पेजेच्या रंगाचं प्लॅस्टिक.
जाळीच्या पट्ट्या मोजता येतात आता.
साच्याची शिवण दिसते.
एका बंपरवर मोहरीएवढा खड्डा,
आजवर उजेडामागे लपलेला.

परवा मोचेमाडचे शिरसाट आले कवळीचं माप द्यायला.
म्हणाले, बाय, एकदम सफेद नको,
लोकांक वाटात, नये घातले.
थोडे पानाचे, थोडे तंबाखूचे दिसांदे.
मी शेडची पट्टी त्यांच्या ओठाशी धरली,
आणि ते मिशीतल्या मिशीत हसले
तोंडात एकही दात नसताना.

आज दुपारी रंग.
नार्वेकरांचा मुलगा आता पाव लिटर देत नाही,
अख्खा डबा घ्यावा लागला,
एवढ्यात दोनशे फियाटी होतील.
शून्य नंबरचा ब्रश. मागचा बंपर नीट झाला.
पुढच्यावर ब्रशचा एक केस सुटला, रंगात अडकला.

पप्पांच्या बंपरवरही होता एक, उजव्या कोपऱ्यात.
शाळेत जाताना मी रोज नखाने खरवडायचे.
निघाला नाही कधी.

चोविसास एकच्या मापात हा केस
होडीच्या दोराएवढा दिसतो.
चिमटा हातात आहे.
रंग सुकायला वीस मिनिटं.