डाग

गुरुवारचा लिलाव. डेल्फा व्रबका
पाचव्या पायरीवर, मांडीवर वही.
वहीत नावं नाहीत, नंबर. फक्त चारशे सतरापुढे
पेन्सिलीनं: कुंपण मोडते. आई चांगली.

सँडहिल्सवर दोन वर्षं गवत घोट्याच्या वर गेलं नाही.
पवनचक्की नुसती कण्हते.

मोठे कत्तलखाने चार,
आज त्यांचे दोनच दलाल आलेत;
एक जण फोनवर बोलता बोलता बोट हलवतो,
माशी उडवावी तसं,
आणि बर्फात निस्तरलेली तेवीस हिवाळ्यांची बाळंतपणं
पौंडाच्या भावात बसतात.

ऑर्विल, डाग तपासणारा, पुठ्ठ्यावरचे केस कातरतो.
खाली तिच्या सासऱ्याचा डाग: उलटा नांगर.
"तुझाच ना?"
विचारावं लागतं, कायदा आहे.
एरवी दर नाताळला तो तिच्याकडेच जेवतो.
ती वही मिटते.

नड आली की बायका डाग मोडतात.
तिनं अडतीस मोडले,
चारशे सतरा सगळ्यात शेवटी.

परतताना ट्रेलर रिकामा खडखडतो.
तरी वळणावर ती गाडी हळू घेते,
मागे कुणी कलंडू नये
म्हणून.